मागच्या डब्यातला उजेड

पडद्यावर एक ओळ साधारण दोन सेकंद टिकते. तेवढ्यात ती वाचून व्हायला हवी, आणि वाचताना माणसाला आपण वाचतोय हे जाणवायलाही नको. मी सबटायटल्स लिहिते. बहुतेक इंग्रजी माहितीपट असतात, अधूनमधून मालिका, आणि महिना कोरडा असला की कंपन्यांचे ट्रेनिंगचे व्हिडिओ.

गेल्या पावसाळ्यात एका माहितीपटावर काम करत होते. त्यात एक म्हातारी बाई लहानपणाबद्दल बोलते. घरासमोरच्या रस्त्यावरून रोज एक माणूस जायचा, ती त्याची खिडकीत वाट बघायची, असं काहीतरी. तिच्या वाक्यात 'ग्लिम्प्स' हा शब्द होता. मी लिहिलं, 'मला त्याची झलक मिळायची.' पुन्हा वाचलं. मिळायची म्हणजे काय, रेशनवर मिळायची? खोडलं. मग लिहिलं, 'मी त्याला ओझरतं पाहायचे.' हे व्याकरणात बसत होतं, वेळेतही बसत होतं. फाइल पाठवून मोकळं व्हायचं, तर बोट 'सेव्ह'वर जाईना.

'ओझरतं' या शब्दापाशी मी अडकते. एकदा, अठरा वर्षांची असताना, मी तो माझ्या वडिलांना फेकून मारला होता.

*

माझे वडील मालगाडीवर गार्ड होते. 2022मध्ये रेल्वेनं या पदाचं नाव बदलून 'ट्रेन मॅनेजर' केलं, पण तोवर ते रिटायर झाले होते. त्यांचं हेडक्वार्टर भुसावळ. तिथं त्यांनी एक खोली घेतली होती, कारण ड्यूटीचा कॉल कधीही यायचा, रात्री दोनलाही आणि दिवाळीच्या पहाटेसुद्धा. मी, मम्मी आणि धाकटा भाऊ गावात आजीजवळ राहायचो. गाव भुसावळच्या पूर्वेला, नागपूरकडे जाणाऱ्या मार्गाला अगदी लागून. आमच्या ओट्यावर उभं राहिलं की मधे एक बांध, थोडी बाभळीची झाडी, आणि पुढं रूळ.

या रुळांवरून विदर्भातला कोळसा यायचा. भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक वीजकेंद्र आहे, तिथं तो उतरायचा. मराठीत मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात, हे शाळेत शिकवायच्या आधी मला पप्पांनी सांगितलं होतं, आणि कित्येक दिवस मी त्या काळ्या डब्यांमध्ये खरी वाघीण शोधत होते. कोळशाच्या पूर्ण गाडीला 58 वाघिणी. मी आणि भाऊ मोजायचो. 58 झाल्या की सगळ्यात शेवटी एक ठेंगणा डबा यायचा. त्याला छोटी गॅलरी असायची, आत लोखंडी बाक. हा ब्रेकव्हॅन. त्यात एकच माणूस बसतो. त्या काळी आत दिवा नसायचा, पंखा नसायचा, संडास नसायचा. पुढं अर्ध्या किलोमीटरहून लांब गाडी, आणि मागं हा एकटा माणूस. तो कधीकधी आमचा बाप असायचा.

दिवसा गेले तर हात दिसायचा. रात्री बत्ती.

गार्डच्या बत्तीत तीन रंग असतात, लाल, हिरवा आणि पांढरा. लाल-हिरव्याचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे. पण पांढऱ्यालाही अर्थ आहे, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. पांढरा दिवा आडवा, जोरजोरात हलवला, तर नियमाप्रमाणे तो 'थांबा' असा इशारा होतो. पप्पा नियमाच्या बाबतीत फार कडक. त्यामुळे घरासमोरून जाताना ते बत्ती कधी हलवायचे नाहीत. गॅलरीतून खाली, रुळाच्या बाजूच्या खडीवर धरून ती पांढरी बत्ती पेटवायची, विझवायची, पुन्हा पेटवायची. बस. खडीवर एक फिकट गोळा उमटायचा, गाडीबरोबर पळायचा, बाभळीमागं जायचा. सगळं मिळून दोन सेकंद. सबटायटलच्या एका ओळीएवढे.

इकडून मम्मी ओट्यावरचा बल्ब बंद-चालू करायची. साठचा पिवळा बल्ब.

हे ऐकायला छान वाटतं. लहान असताना छानच वाटायचं. पण कोणत्या गाडीला पप्पा आहेत हे आम्हाला नेमकं कळायचं नाही. निघण्याआधी ते शेजारच्या काकांच्या घरी फोन करायचे. 'रात्री अकराच्या सुमाराला' असा निरोप यायचा. मालगाडीची अकरा म्हणजे अकरा नसतात. मेल-एक्स्प्रेसला वाट द्यायला तिला कुठंही लूपलाइनीत बाजूला घालतात. अकराचे दोन वाजायचे. मम्मी बटणापाशी भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची. आम्ही तर कधीच झोपलेलो असायचो. सकाळी विचारायचो, 'गेले का?' ती म्हणायची, 'हाव, गेले.' वर्षातले कितीतरी दिवस आमच्या घरात वडिलांची बातमी एवढीच असायची. गेले.

*

तर त्या रात्री मी काम बाजूला ठेवून 'ग्लिम्प्स' या शब्दाच्या मागं लागले. कोशात एक शब्द शोधायला जावं आणि तासाभरानं भलत्याच गल्लीत सापडावं, हा आमच्या धंद्यातला आजारच आहे.

पहिली गोष्ट कळली ती त्या शब्दातल्या 'प'ची. तो 'प' मुळात तिथं नव्हताच. इ. स. 1400च्या आसपास इंग्रजीत 'ग्लिमसेन' असं क्रियापद होतं. 'म'साठी मिटलेले ओठ 'स'साठी उघडताना मधे आपोआप एक हलका 'प' फुटतो. पुढच्या शंभर-दोनशे वर्षांत तो 'प' लिखाणातही येऊन बसला. इंग्रजीतल्या 'एम्प्टी' या शब्दातला 'प'ही असाच मागाहून घुसलेला आहे. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. संस्कृतात 'आम्र' होतं, त्याचा 'आंबा' झाला. 'ताम्र' होतं, त्याचं 'तांबं' झालं. 'म'वरून 'र'कडे जाताना ओठांनी वाटेत एक 'ब' सोडला आणि पुढं 'र' गळून गेला. आंब्यातला 'ब' आणि ग्लिम्प्समधला 'प' हे एकाच सवयीचे आहेत. आपण घाईत बोलताना 'ग्लिम्स' म्हणतो आणि मनात ओशाळतो. ओशाळू नये. ते शब्दाचं जुनं रूप आहे.

दुसरी गोष्ट कळली आणि मी खुर्चीत सरळ झाले. या शब्दाचा मुळातला संबंध डोळ्याशी नाही, उजेडाशी आहे. 'ग्लिमसेन' म्हणजे फिकट चमकणं, लुकलुकणं. इंग्रजीतले 'ग्लिमर', 'ग्लीम', 'ग्लो', 'ग्लिटर' हे सगळे याच घरातले मानले जातात. डच भाषेत अजूनही 'ग्लिम्मेन' म्हणजे चमकणं आणि काजव्याला ते 'ग्लिमवर्म' म्हणतात, चमकणारा किडा. म्हणजे आधी वस्तू चमकायची. मग त्या अंधूक उजेडात जेवढं दिसेल त्या अंधूक दिसण्यालाही लोक तोच शब्द वापरू लागले. मग त्यातलं 'अंधूक' मागं पडत गेलं आणि 'थोडा वेळ' पुढं आलं. शेवटी कर्तासुद्धा बदलला. काहीतरी चमकायचं, त्याऐवजी 'मी' पाहू लागले.

शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मध्ये हा शब्द जुन्या अर्थानं सापडतो. हॅम्लेट रात्री किल्ल्यावर उभा आहे आणि मेलेल्या बापाचं भूत समोर येतं. त्याला उद्देशून तो जे बोलतो, त्यात हा शब्द चंद्रासाठी आलाय, तोही अनेकवचनी. चंद्राचे ग्लिम्प्स, म्हणजे चंद्राचा मधूनमधून येणारा फिकट उजेड. तिथं कुणी काही ओझरतं पाहत नाही. चंद्र चमकतोय, एवढंच. बापाला पाहण्याच्या प्रसंगात हा शब्द भेटला, हे माझ्या लक्षात आलं, पण त्या रात्री मी त्याला फार भाव दिला नाही. पुढच्या गल्लीत शिरले.

कोशकार या शब्दांच्या मागं आणखी एक जुनं मूळ सांगतात, 'घेल्' असं काहीसं. अर्थ चमकणं, पिवळंधमक असणं. इंग्रजीतले 'गोल्ड' आणि 'यलो' त्याचेच. संस्कृतातलं 'हिरण्य' त्याचंच, 'हरि' हा रंगाचा शब्दही त्याचाच. हरिपासून हरिद्रा आणि हरिद्रेपासून आपली हळद. माझ्या मावसबहिणीनं लग्नाच्या आदल्या दिवशी इन्स्टावर रील टाकलं होतं, 'ग्लिम्प्सेस ऑफ हळदी'. आम्ही तिच्या इंग्रजीला हसलो होतो. त्या बिचारीनं नकळत हजारो वर्षांपूर्वी ताटातूट झालेल्या दोन बहिणी एका ओळीत शेजारी बसवल्या होत्या.

*

मराठीत हे सगळं शोधायला कोश उघडावा लागत नाही, कारण मराठीनं ते लपवलेलंच नाही. 'झलक' म्हणताना शेजारी 'झळकणं' उभं आहे, 'झळाळी' आहे, 'झळझळीत' आहे. झलकसुद्धा आधी वस्तूची चमक आहे आणि मग आपलं पाहणं. जर्मन भाषेतही हेच झालंय. तिथं नजरेला 'ब्लिक' म्हणतात आणि विजेला 'ब्लिट्झ', आणि दोन्ही एकाच कुळातले. जुन्या जर्मनमध्ये 'ब्लिक'चा अर्थ वीज, लखकन चमकणं असाच होता.

विजेवरून आजी आठवली. आमच्या भागात मुक्ताबाई सगळ्यांच्या घरातली. मुक्ताईनगरहून, जुन्या एदलाबादहून, दरवर्षी तिची पालखी पंढरपूरला निघते, फार लांबची वाट चालते. मुक्ताबाईला समाधी घ्यावी लागली नाही, तापीकाठी वीज चमकली आणि त्या उजेडात ती गुप्त झाली, असं परंपरा सांगते. आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा भाऊ विचारायचा, 'मग ती कुणाला दिसली का?' आजी म्हणायची, 'दिसली म्हणून तर माहीत पडलं ना बाबा.' मला ते उत्तर तेव्हा टाळाटाळ वाटायचं.

आजी एकदाच पंढरपूरला गेली. रात्रभर रांगेत उभी राहिली आणि विठ्ठलापुढं तिला पुरता श्वास घ्यायलाही मिळाला नाही. मागून 'चला, चला'. घरी आल्यावर मम्मीनं विचारलं, 'झालं का दर्शन?' आजी म्हणाली, 'दिलं त्यानं.' आपण 'दर्शन घेतलं'ही म्हणतो, पण देणारा आधी असतो. ज्यांना रांगेतही जायला मिळत नाही ते लांबून कळस बघून हात जोडतात आणि तेही दर्शनच. किती वेळ दिसलं याचा हिशेब तिथं कुणी मागत नाही.

मराठीला आणखी एक सोय आहे, जी मला सबटायटल लिहिताना रोज लागते, आणि तरी त्या दिवशी सुचली नव्हती. आपल्याकडे 'पाहणं' वेगळं आणि 'दिसणं' वेगळं. 'मी त्याला पाहिलं' यात मी काहीतरी केलं. 'तो मला दिसला' यात वाक्य त्याचं आहे. दिसण्याचं काम तो करतोय, मी नुसती 'मला' होऊन कडेला उभी आहे. इंग्रजीत 'ग्लिम्प्स' हे दिसण्याचं क्रियापद होतं, ते लोकांनी हळूहळू पाहण्याचं करून टाकलं. मीही माझ्या वाक्यात तेच करत होते. मी पाहायचे. मी. ओझरतं.

*

आता ते फेकून मारलेलं.

बारावीनंतर मला पुण्यात प्रवेश मिळाला. जायचा दिवस ठरला, सामान बांधलं. पप्पा सोडायला येणार होते. आदल्या संध्याकाळी फोन आला की सुट्टी मंजूर नाही झाली, माणसं कमी आहेत. रात्री ते कसेबसे दोन तास घरी येऊन गेले, मला पैसे द्यायला. मी बोलत नव्हते. त्यांनी विचारलं, 'डब्याला काय घेतलं?' अशा वेळी माणूस डब्याचं विचारतो, हे कळायचं माझं वय नव्हतं. मी म्हणाले, 'तुम्हाला काय करायचं? तुम्ही आम्हाला आयुष्यात नुसते ओझरते दिसले. त्याला काय वडील म्हणतात का?'

मराठीच्या पेपरात मला चांगले मार्क पडले होते. 'ओझरते' हा शब्द मी मुद्दाम निवडला होता. तो त्यांना लागावा म्हणून.

ओझरता हा शब्द खरं तर वारालाही लावतात. ओझरता वार म्हणजे निसटून गेलेला, कातडीला नुसता चाटून गेलेला. इंग्रजीतल्या 'ग्लान्स'चाही उगम असाच आहे. लॅटिनमधल्या बर्फाच्या शब्दापासून फ्रेंचमध्ये 'घसरणं' आलं, तिथून इंग्रजीत तो शब्द आला तेव्हा शस्त्र नेमकं न बसता घसरून जाणं हा त्याचा अर्थ होता. नजरेकडे तो नंतर वळला. माझा वार मात्र घसरला नाही. पप्पा 'हाव' म्हणाले, पायात चप्पल घातली आणि शेवटच्या पॅसेंजरनं परत भुसावळला गेले. मम्मी मला काही बोलली नाही. ती भांडी घासत राहिली, नेहमीपेक्षा जास्त वेळ.

त्यानंतर आमच्यात वाईट काही झालं नाही. आम्ही बोलतो. मी सणाला जाते. ते पेन्शनचे फॉर्म व्हॉट्सॲपवर पाठवतात, मी भरून देते. त्या वाक्याचा विषय कधी निघाला नाही. बारा-तेरा वर्षं तो नुसता घरात होता, दिवाणाखालच्या त्यांच्या लोखंडी लाइन बॉक्ससारखा.

*

चॉसर नावाचा इंग्रजी कवी 1400मध्ये वारला. त्याच्या 'कँटरबरी टेल्स'मधल्या व्यापाऱ्याच्या गोष्टीत हा शब्द येतो. एक म्हातारा, श्रीमंत, आंधळा झालेला नवरा. त्याची तरुण बायको नाशपातीच्या झाडावर दुसऱ्याच माणसाबरोबर. अचानक नवऱ्याला दृष्टी परत येते आणि समोर जे चाललंय ते त्याला दिसतं. तो ओरडतो. बायको शांतपणे सांगते की तुमची दृष्टी आत्ता आत्ता परत आलीय, अजून ती पक्की नाही, तुम्हाला नुसतं 'ग्लिमसिंग' झालंय. अंधूक दिसलं. आणि तो मानतो.

गोष्ट विनोदी आहे, पण मला ती वाचून हसू आलं नाही. थोडंसंच दिसलेलं असलं की त्याचा अर्थ कुणीही काहीही सांगू शकतं. म्हाताऱ्याला बायकोनं सांगितला. मला माझा मीच सांगितला होता. दोन-दोन सेकंद जोडून मी एक अख्खा बाप तयार केला, त्याच्यावर निकाल दिला आणि त्या माणसाला कधी काही विचारलं नाही.

रात्रीचे साडेदहा वाजले होते. मी फोन लावला.

'काय करू राह्यली? जेवली का?'

'जेवले. पप्पा, एक विचारायचं होतं. तुम्ही घरासमोरून जाताना बत्ती दाखवायचे ना?'

'हाव.'

'तेव्हा आम्ही तुम्हाला कसे दिसायचो? म्हणजे किती दिसायचो?'

पलीकडे टीव्ही चालू होता. त्यांनी तो बंद केला असावा.

'रात्री? रात्री कुठं दिसायचे तुम्ही. आपल्या हातात बत्ती पेटलेली असली का बाहेरचं अजून काळं पडतं. तुझ्या मम्मीचा बल्ब दिसायचा. तुम्ही नाही दिसले कधी.'

'कधीच नाही?'

'रात्री नाही.'

'मग बत्ती कशाला दाखवायचे?'

'मी दिसावं म्हणून.' आणि थोडं थांबून, मी काहीतरी अगदी साधं विसरल्यासारखं, 'तुम्हाला.'

मला इतकी वर्षं वाटत होतं की ते आम्हाला शोधायला बत्ती पेटवतात. लहानपणी मी ओट्यावर केस नीट करून उभी राहायचे, कारण पप्पा बघणार. आणि मीही त्यांना रात्री कधी पाहिलेलं नव्हतं. आठवणीत त्यांचा चेहरा आहे, गॅलरीला टेकलेला, खाकी स्वेटर घातलेला. पण बत्ती खाली खडीवर धरलेली असायची. चेहऱ्यावर उजेड पडणं शक्यच नाही. तो चेहरा मी नंतर लावलाय. खरं दिसायचं ते एवढंच, पळणारा एक फिकट गोळा. तिकडून त्यांना दिसायचा एक पिवळा ठिपका, बंद-चालू होणारा. दोन्हीकडून कुणीच कुणाला पाहत नव्हतं. दोन्हीकडून फक्त दिसण्याचं काम चाललेलं होतं.

मी विचारलं, 'आणि लोडशेडिंग असायचं तेव्हा?'

ते हसले. 2006च्या आसपासचं लोडशेडिंग ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. आमच्याकडे तासन्‌तास वीज नसायची. ज्या दीपनगरच्या वीजकेंद्राला पप्पा कोळसा घेऊन जायचे, ते आमच्यापासून जवळच होतं, आणि त्याच्या वाटेवरचं आमचं गाव काळंकुट्ट.

'एकदा तसंच आलो,' ते म्हणाले. 'पुढं 58 वाघिणी कोळसा आणि गावात एक दिवा नाही. घर कुठं आलं ते पण समजेना. फाटक गेलं तिथून मनात आकडे मोजले आणि अंदाजानं बत्ती पेटवली. म्हटलं, आज काही नाही. तर एवढासा ठिपका दिसला. हालत होता.'

तो ठिपका मला माहीत होता. त्या रात्री मी जागी होते. मम्मीनं चिमणी पेटवली होती, रॉकेलची, आणि ती बांधापर्यंत घेऊन गेली होती. वारा होता. तिनं ज्योतीभोवती हाताचा आडोसा धरला होता आणि तिची बोटं आतून तांबडी दिसत होती. रॉकेल जपून वापरायचे दिवस होते, म्हणून मला ते लक्षात राहिलं.

'तो सगळ्यात चांगला दिसला,' पप्पा म्हणाले. 'बाकी सगळं काळं होतं ना.'

मला त्या अठराव्या वर्षीच्या वाक्याबद्दल बोलायचं होतं. मी म्हणाले, 'पप्पा, मी पुण्याला निघाले त्याच्या आदल्या रात्री तुम्हाला एक बोलले होते.'

'हाव.'

'ते चुकीचं होतं.'

'चुकीचं नव्हतं,' ते म्हणाले. 'कमीच दिसलो मी. ते खरंच आहे.'

आम्ही दोघं थोडा वेळ गप्प होतो. मग ते म्हणाले, 'इकडं पाऊस नाही अजून. तिकडं आहे का?'

*

शब्दाचा उगम कळला म्हणून माणसाचं नुकसान भरून येत नाही. आम्हाला वडील कमी मिळाले, आणि त्यांना आम्ही. त्यांच्या रनिंग रूममधल्या रात्री, मम्मीच्या बटणापाशी टेकून घालवलेल्या रात्री, त्या गेल्याच. तेरा वर्षांपूर्वी मी मोजलेला हिशेब बरोबर होता, हे त्यांनीच मान्य केलं. मी फक्त कर्ता चुकवला होता. मला वाटत होतं की या वाक्याचा कर्ता मी आहे, पाहणारी, आणि मला पुरेसं पाहायला मिळालं नाही. पण ते वाक्य एका माणसाचं होतं, जो दिवा नसलेल्या डब्यात उभा राहून, समोर काही दिसत नसताना, नियम न मोडता जेवढं दिसता येईल तेवढं दिसत होता.

फाइल उघडली. म्हातारी बाई पडद्यावर थांबलेली होती, तोंड अर्धवट उघडं. मी लिहिलं, 'क्षणभर तो दिसायचा.' दोन सेकंदांत बसलं. झलक नाही, ओझरतं नाही. फाइल तपासणाऱ्या सीनियरनं विचारलं, 'शब्द जरा साधा नाही झाला?' मी म्हणाले, 'असू दे.'

दिवाळीला गावी गेले होते. आजी आता नाही. मम्मी लवकर झोपते. ओट्यावर आता पांढरा एलईडी आहे, रूळ तिथंच आहेत. रात्री पप्पा आणि मी बाहेर बसलो होतो. लांबून गाडीचा आवाज आला, इंजिन गेलं, मग वाघिणी. मी सवयीनं मोजायला लागले आणि तिसाच्या आसपास चुकले. पप्पा उठले, आत गेले. शेवटचा डबा समोर आला तेव्हा ओट्यावरचा दिवा बंद झाला, चालू झाला, पुन्हा बंद, पुन्हा चालू.

ब्रेकव्हॅनमधून काही उत्तर आलं नाही. आत कोण होतं तेही दिसलं नाही.

पप्पा बाहेर येऊन बसले. मी विचारलं, 'ओळखीचे होते कोणी?'

'काय माहीत,' ते म्हणाले. 'मागं कोणीतरी असतोच.'